हनिमूनला पॅरिस-व्हेनिस, आणि मधलं ते बावीस युरोचं विमान

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचं जोडपं, लग्न फेब्रुवारीच्या सुरुवातीला, त्यानंतर लगेच हनिमून. मुंबई-पॅरिस-मुंबई असं आखाती कंपनीचं रिटर्न तिकीट घ्यायचं, चार रात्री पॅरिस, मग पॅरिसच्या बाजूच्या बोव्हे विमानतळाहून व्हेनिसच्या बाजूच्या त्रेविझोला २२ युरोचं बजेट विमान, चार रात्री व्हेनिस, आणि शेवटच्या दिवशी सकाळी तसंच स्वस्त विमान पकडून पॅरिसला परत यायचं आणि त्याच रात्री मुंबईचं विमान. होणाऱ्या मिसेसना कल्पना आवडलीये, घरचे म्हणतायत ग्रुप टूर करा, आणि तुम्ही विचारताय की हे जमेल का आणि बजेट एअरलाईनवर भरवसा ठेवावा का.

मी गेली अठरा वर्षं पुण्यात तिकिटं आणि व्हिसाचं काम करतो, त्यात नव्या जोडप्यांचं काम सगळ्यात जास्त, आणि युरोपातल्या या स्वस्त विमानांनी मी आणि बायको स्वतः बऱ्याचदा फिरलोय. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. बजेट एअरलाईन बिनधास्त वापरा, विमानं चांगली असतात, सुरक्षेचे नियम सगळ्यांना तेच लागू असतात, घाबरायचं काही कारण नाही. पण ती ट्रिपच्या मधल्या दिवसांत वापरा, कडेला वापरू नका. म्हणजे ज्या दिवशी मुंबईचं विमान पकडायचंय त्या दिवशी स्वस्त विमान नको म्हणजे नको. तुमच्या प्लॅनमध्ये जाण्याचा भाग ठीक आहे, येण्याचा भाग मला अजिबात मान्य नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण ह्याच एका गोष्टीत मी लोकांना रडताना बघितलंय.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकचं जोडपं, मुंबई-पॅरिसचं तिकीट माझ्याकडून घेतलेलं, मधली इटलीची विमानं त्यांनी स्वतः काढली, त्यात काही गैर नाही. परतीच्या दिवशी मिलानच्या बाजूच्या बेर्गामोहून सकाळी अकराचं विमान, साडेबाराला बोव्हे, आणि रात्री नऊला पॅरिसच्या मोठ्या विमानतळाहून, शार्ल द गोलहून, मुंबईकडे. कागदावर आठ-साडेआठ तास हातात दिसतात की नाही? कुणीही म्हणेल भरपूर आहेत. पण त्या दिवशी धुकं पडलं. उत्तर इटलीत पो नदीचं जे खोरं आहे, मिलान ते व्हेनिस हा सगळा पट्टा त्यातच येतो, तिथं नोव्हेंबर ते फेब्रुवारी धुकं ही नेहमीची गोष्ट आहे, आपल्याकडे जसं जानेवारीत दिल्लीचं होतं तसंच. विमान पाच तास उशिरा सुटलं. बोव्हेला पोचले साडेपाच नंतर, बॅग येईपर्यंत सहा वाजून गेले, मग पॅरिसची बस सव्वा तास, ती सोडते एका टोकाला आणि शार्ल द गोल दुसऱ्या टोकाला, पोचेपर्यंत साडेआठ. काउंटर आठला बंद झालेला. विमान समोर उभं होतं पण आत घेतलं नाही. मला फोन आला तेव्हा मुलगी मागं रडत होती, ऐकू येत होतं. दोघांची नवीन एकेरी तिकिटं ९४ हजारांना पडली, एक रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात गेली ती वेगळीच.

आता इथं नियम काय सांगतो ते नीट समजून घ्या कारण लोकांना वाटतं युरोपात विमान उशीर झालं की पैसे मिळतात. युरोपचा २६१ नंबरचा प्रवासी हक्कांचा नियम आहे, २००४ चा. विमान तीन तासांपेक्षा जास्त उशिरा पोचलं तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई, त्यापुढे ४०० आणि ६०० असे टप्पे. पॅरिस-व्हेनिस २५० मध्ये बसतं. पण कारण कंपनीच्या हातातलं असेल तरच. धुकं, वादळ, हवाई नियंत्रकांचा संप हे कंपनीच्या हाताबाहेरचं धरतात, तिथं रोख भरपाई मिळत नाही, फक्त खाणंपिणं, गरज पडली तर हॉटेल, आणि विमान रद्द झालं तर पुढचं विमान किंवा पैसे परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन तिकिटं वेगवेगळी काढली असली तर पहिल्या कंपनीला तुमच्या दुसऱ्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. मुंबईची कंपनी तुम्हाला सरळ नो-शो टाकते, म्हणजे प्रवासी आलाच नाही असं धरते. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली की चुकलेलं विमान ही त्यांची जबाबदारी, वेगळी असली की तुमची. हा फरक तिकीट काढताना स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. प्रवास विम्यातही स्वतः जोडलेली कनेक्शन बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा विमा सक्तीचा असतो तो मुळात दवाखान्यासाठी असतो, पॉलिसीचा कागद उघडून बघा.

मग करायचं काय? परत पॅरिसला यायचंच कशाला! मुंबई-पॅरिस जायचं आणि व्हेनिस-मुंबई यायचं असं मल्टी-सिटी तिकीट काढा. तिकीट शोधताना रिटर्न आणि वन-वे च्या शेजारी तिसरा पर्याय असतो तो, बहुतेक जण त्याला हातच लावत नाहीत. एमिरेट्स व्हेनिसला जाते, मिलान आणि रोमला तर बऱ्याच कंपन्या जातात. माझा अनुभव असा की मल्टी-सिटीचं भाडं साध्या रिटर्नपेक्षा दोन-पाच हजारांनी इकडेतिकडे असतं, पुष्कळदा तेवढंच. पण दोन वेगवेगळी वन-वे काढू नका हां, ती महाग पडतात. म्हणजे बघा, परतीच्या बजेट विमानाचे पैसे वाचले, बॅगेचे वाचले, बसचे वाचले, अख्खा एक दिवस वाचला आणि छातीतली धडधड वाचली. आणि समजा पॅरिसचं रिटर्न तिकीट आधीच काढून बसला असाल तर मग एक दिवस आधी पॅरिसला या, ती शेवटची रात्र तिथं काढा. चार रात्री व्हेनिसच्या तीन होतील, होऊ देत.

आता जाण्याचा भाग, ते बावीस युरोचं विमान. हे खरंच बावीसला मिळतं, खोटं नाहीये. ही विमानं स्वस्त का असतात ते एकदा कळलं की सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. यांच्याकडे एकाच जातीची विमानं असतात, उतरल्यावर पंचवीस-तीस मिनिटांत परत उडवायची, शहरापासून लांबच्या स्वस्त विमानतळांवर उतरायचं, आणि सीट सोडून बाकी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कन आली तेव्हा आपण हेच पहिल्यांदा बघितलं, युरोपात ते नव्वदच्या दशकातच रुळलं. म्हणून तिथं उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाहीत, बॅग एक इंच मोठी असली तरी सोडत नाहीत, कारण त्यांचा सगळा धंदाच त्या मिनिटांवर आणि त्या बॅगेवर चालतो. माणसं वाईट नसतात, कामच तसं आहे.

पहिला मुद्दा विमानतळाचा. तिकिटावर पॅरिस लिहिलंय म्हणून ते पॅरिस नसतं. बोव्हे हे पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर लांब आहे, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला सांगायचं तर कराडच्याही पुढं. असंच फ्रँकफर्ट-हान खऱ्या फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, बार्सिलोनाच्या नावाखाली गिरोना नव्वदेक, ब्रसेल्सच्या नावाखाली शार्लेरॉय पन्नास-साठ, मिलानच्या नावाखाली बेर्गामो पन्नासच्या घरात. सगळीच वाईट नाहीत, बेर्गामोहून मिलानला बस तासाभरात सोडते आणि रोमचं चाम्पिनो तर शहराला चांगलंच जवळ आहे. पण प्रत्येक वेळी नकाशात बघायचं, नावावर जायचं नाही.

तुमचं विमान सकाळी ६:५० चं आहे म्हणता. मग उलटं मोजा. बॅग घ्यायचं ४० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ६:१०. आपला भारतीय पासपोर्ट, कागद तपासायला वेळ जातो, म्हणून पाचला तिथं असलंच पाहिजे. म्हणजे बस साडेतीनच्या आसपासची. म्हणजे हॉटेलातून तीनला निघायचं. त्या वेळी पॅरिसची मेट्रो बंद असते, ती सकाळी साडेपाचला सुरू होते, म्हणजे बस स्टँडपर्यंत टॅक्सी. फेब्रुवारीत पहाटे तीनला, तीन-चार डिग्रीत, लग्नाला आठ दिवस झालेली नवी नवरी बॅग ओढत फुटपाथवर उभी. आणि त्या रात्रीच्या हॉटेलचे सव्वाशे-दीडशे युरो भरलेत ते निम्मे वाया, कारण झोप म्हणाल तर चार तास. हे त्या बावीस युरोत कुठं लिहिलंय?

पैशाचाच हिशोब करू. बोव्हेहून दोघांचे २२ प्रमाणे ४४, एक वीस किलोची बॅग ३४ धरा, शेजारी बसायचे दोघांचे १८, टॅक्सी २०, बोव्हेची बस दोघांची ३६ च्या आसपास, त्रेविझोला उतरल्यावर व्हेनिसची बस दोघांची २४. झाले १७६ युरो. आता त्याच दिवशी पॅरिसच्याच ऑर्ली विमानतळाहून व्हेनिसच्या मुख्य विमानतळाला, मार्को पोलोला, दुपारी जाणारं बजेट विमान ६५ ला मिळालं असं धरू, तेही बजेटच हां. दोघांचे १३०, बॅग ३४, सीट १८, ऑर्लीला आता मेट्रोची १४ नंबरची लाईन थेट जाते, जून २०२४ पासून, तिचं विमानतळाचं तिकीट १३-१४ युरो म्हणजे दोघांचे २८, आणि मार्को पोलोहून व्हेनिसला बस दोघांची २०, पंचवीस मिनिटांत पोचवते. झाले २३०. स्क्रीनवर फरक ८६ युरोचा दिसत होता तो प्रत्यक्षात ५४ वर आला, आपले पाच-साडेपाच हजार. त्या पाच हजारांत तुम्ही शांत झोपता, एकत्र नाश्ता करता, अकराला निघता आणि संध्याकाळ व्हायच्या आत व्हेनिसला असता. मित्रांबरोबर फिरायला चालला असतात तर मीच म्हटलं असतं घ्या बोव्हे, रात्रभर जागा, मजा येते. हनिमूनला नाही. आकडे रोज बदलतात, तुमच्या तारखेचे टाकून बघा, पण गणित या पद्धतीनं मांडा, दारापासून दारापर्यंत.

आता बॅग. इथंच लोकांचे पैसे जास्त जातात. मुंबईहून येताना आखाती कंपनी पंचवीस-तीस किलो देते म्हणून आपण दोन मोठ्या बॅगा गच्च भरतो, आणि मधलं बजेट विमान त्यातलं काहीच मानत नाही, त्याचं तिकीट वेगळं, त्याची बॅग वेगळी. फुकट मिळते ती एक छोटी, सीटखाली जाईल अशी. रायनएअर आणि विझ या बजेट कंपन्यांमध्ये ती ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, इझीजेटमध्ये जरा मोठी, ४५ बाय ३६ बाय २०. म्हणजे कॉलेजची सॅक, चाकांची ट्रॉली नव्हे. गेटवर मापाचा सांगाडा असतो, त्यात बसली नाही तर साठ-सत्तर युरो तिथल्या तिथं, म्हणजे तिकिटाच्या तिप्पट. त्यामुळे घरीच टेप घेऊन मोजा, चाकं आणि हँडल धरून. दोघांत एक वीस किलोची बॅग तिकिटाबरोबरच विकत घ्या, नंतर घेतली की महाग होते, आणि दोघांच्या दोन सॅक. मुंबईहून पण तेवढंच न्या. नऊ दिवसांना पुरतं, फेब्रुवारी आहे म्हणून जाड जॅकेट अंगावर घाला, अंगावरचं कुणी मोजत नाही.

आणि एक घरगुती गोष्ट सांगतो. आई आणि सासूबाई दोघी मिळून डबे भरणार, चिवडा, चकल्या, मेतकूट, लोणचं, आणि लग्नातले पेढे. चिवडा-चकली न्या. पण पेढे, बर्फी, खवा, तूप नका नेऊ, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे, कस्टमवाल्यानं बॅग उघडली तर सरळ फेकून देतो आणि मग आईला काय सांगायचं. लोणचं हातातल्या सॅकमध्ये नको, ते पातळात धरतात, १०० मिलीची मर्यादा. दागिन्यांचंही तेच म्हणेन, मोठं मंगळसूत्र आणि पाटल्या घरी ठेवा, छोटं घाला. पॅरिसच्या मेट्रोत पाकीटमार खूप आहेत आणि सोनं बघितलं की ते मागंच लागतात. हिरवा चुडा हौसेनं घालणार असतील तर घालू दे, सिक्युरिटीत फारसा त्रास होत नाही, फक्त बॅगेत भरून काचेच्या बांगड्या नेऊ नका, बॅगा आपटतात.

चेक-इन. हे ऑनलाइनच करायचं, आणि वेळेत. रायनएअरचं उदाहरण घेतो कारण नियम सगळ्यात कडक तिथं. सीट विकत घेतली नसेल तर चेक-इन फक्त शेवटच्या २४ तासांत उघडतं आणि विमानाच्या दोन तास आधी बंद होतं, विसरलात तर काउंटरवर माणशी ५५ युरो. १२ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचा बोर्डिंग पास फक्त ॲपमध्ये असतो, कागदी प्रिंट बंद, तेव्हा फोन चार्ज हवा आणि पॉवर बँक सॅकमध्ये. आणि युरोपीय नसलेल्या पासपोर्टवाल्यांनी सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन पासपोर्ट-व्हिसा दाखवून घ्यायचा असतो. आपले लोक म्हणतात, आम्ही तर फ्रान्समधून इटलीत चाललोय, शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, आतच आहोत, पासपोर्ट कशाला, आणि सरळ गेटवर जातात, तिथून परत पाठवतात, मग धावाधाव. बॅग द्यायची नसली तरी आधी त्या काउंटरला जा.

शेजारच्या सीटसाठी पैसे भरा, बाकी कशात काटकसर करा पण इथं करू नका. सीट निवडली नाही तर कॉम्प्युटर बहुतेक वेळा दोघांना वेगळं टाकतो, एक सहाव्या रांगेत आणि एक सत्ताविसाव्या. दीड तासाचाच प्रवास आहे हे खरं, पण आल्प्स वरून दिसतात, हिवाळ्यात सगळे पांढरे असतात, ते एकाच खिडकीतून बघायचे की.

तिकीट काढताना नाव. आपल्याकडे हे फार होतं. पासपोर्टवर मुलीचं माहेरचं नाव, पत्रिकेत आणि आधारवर सासरचं करायची घाई, आणि तिकीट हौसेनं नव्या आडनावानं काढतात. नको! तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावानं. लग्नाआधी पासपोर्ट बदलायला टाकूच नका, हनिमूनहून आल्यावर सावकाश बदला, माहेरच्या नावानं प्रवास करायला काहीही अडचण नसते. लग्नाचा दाखला झाला तर कॉपी जवळ ठेवा. आणि आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं, तिकिटातही पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही टाका, पासपोर्टात आहे तसंच. बजेट कंपनीत नाव बदलून घ्यायला तिकिटापेक्षा जास्त पैसे पडतात.

तिकीट कंपनीच्याच वेबसाईटवर किंवा ॲपवर काढा, मी स्वतः एजंट असून हे सांगतोय. मधल्या वेबसाईटवर काढलं की ईमेल त्यांचा जातो, वेळ बदलल्याचा निरोप तुमच्यापर्यंत येतच नाही, चेक-इनला पुन्हा ओळख पटवायला लावतात. पैसे भरताना स्क्रीन तुम्हाला रुपयांत रक्कम दाखवेल, बरं वाटतं, पण तो दर महाग असतो, युरोच निवडा. आणि कार्डवर परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि तोपर्यंत भाडं वाढतं.

व्हिसाचं थोडक्यात. जिथं जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथं पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. तुमच्या चार-चार आहेत, म्हणजे फ्रान्स. पुण्यात अर्ज देता येतो, मुंबईपर्यंत यायची गरज नाही. फी ९० युरो माणशी, जून २०२४ पासून, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज. सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी, पण लग्नाच्या गडबडीत शेवटच्या पंधरा दिवसांत पासपोर्ट एम्बसीत अडकलाय हे टेन्शन कुणाला हवं, डिसेंबरच्या सुरुवातीलाच उरका. बजेट तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा, ते परत होत नाही. तोवर भाडं पाच-दहा युरोनं वाढेल, वाढू दे. मध्ये लंडन घुसवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, त्याला वेगळा व्हिसा लागतो आणि शेंगेन पण मल्टिपल एंट्री, म्हणजे बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल असा हवा, पहिल्या ट्रिपला नकोच ते. आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झालीये, फोटो घेतात आणि बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळच्या ठशांशी जुळवतात, म्हणून पॅरिसला उतरल्यावर रांगेत वेळ जाईल आणि व्हेनिसहून निघताना पण तास-दीड तास जास्त ठेवा.

मुंबईहूनच थेट बजेट कंपनीनं जावं का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. इंडिगोनं जुलै २०२५ मध्ये मुंबईहून अॅमस्टरडॅम आणि मँचेस्टर सुरू केलं, मोठ्या ड्रीमलायनर विमानांनी. मला कल्पना चांगली वाटते, पण लांब पल्ल्याच्या स्वस्त सेवा सुरू होतात तशा बंदही होतात. आइसलँडच्या वॉव एअरनं डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीहून सुरुवात केली आणि २८ मार्च २०१९ ला अख्खी कंपनीच बंद पडली. तुमच्या तारखेला चालू असेल आणि भाडं पटत असेल तर घ्या, फक्त तिकीट क्रेडिट कार्डावर काढा म्हणजे गरज पडली तर बँकेकडे तक्रार करता येते. पण तुम्हाला पॅरिस-व्हेनिस हवंय, त्यामुळे अॅमस्टरडॅमला उतरून पुन्हा एक जोड वाढवण्यात अर्थ दिसत नाही.

घरच्यांची ग्रुप टूरची सूचना मी हसण्यावारी नेणार नाही, काळजीपोटी बोलतात ते. पण सकाळी साडेसहाला वेक-अप कॉल, आठला बस, चाळीस माणसांबरोबर जेवण, हे हनिमूनला नको वाटतं मला. त्यांना मल्टी-सिटीचं तिकीट आणि हॉटेलची नावं लिहून द्या, त्यांचा जीव शांत होईल.

आणि निघायची तारीख. लग्नानंतर लगेच निघायचं म्हणता, पण सत्यनारायण आहे, जोतिबा आणि अंबाबाईचं दर्शन आहे, कुणाकडे जागरण-गोंधळ असतो, कुलदैवत लांबचं असलं तर एक दिवस तोच. लग्न आणि विमान यात सात-आठ दिवस तरी ठेवा, आणि मुंबईला आदल्या दिवशी पोचा, हायवेचं काम चालू असतं, आठ तासांचे अकरा कधी होतील सांगता येत नाही. परतीचं सांगितलं तेच इथंही, मोठ्या विमानाच्या दिवशी दुसरा कुठलाच भरवशाचा नसलेला प्रवास नको. पॅरिसच्या पहिल्या दिवशी काहीच बुक करू नका, आयफेल टॉवरचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा, पहिला दिवस झोपेत गेला तरी चालेल.

व्हेनिसबद्दल दोन गोष्टी. कार्निव्हल, म्हणजे तिथला मुखवट्यांचा उत्सव, बहुतेक फेब्रुवारीत येतो, दरवर्षी तारखा सरकतात, त्या काळात हॉटेलं दुप्पट होतात, तेव्हा तारखा बघूनच ठरवा, मुखवट्यांची गर्दी बघायची असेल तर मुद्दाम त्याच वेळी जा. आणि हॉटेल मेस्त्रेत स्वस्त मिळतं पण ते पुलापलीकडचं साधं शहर आहे, निदान दोन रात्री तरी बेटावर काढा, दिवसाचे पर्यटक संध्याकाळी निघून गेल्यावर तिथं जी शांतता होते ती मेस्त्रेत नाही मिळत. बेटावर गाड्या नाहीत, पुलांना पायऱ्या आहेत, तेव्हा एकच बॅग नेली याचं समाधान तिथं वाटेल.

बसनं पियाझ्झाले रोमाला, म्हणजे बेटावरच्या बस स्टँडला, उतरलात की तिथून १ नंबरची बोट घ्या, व्हापोरेत्तो म्हणतात, तिकीट साडेनऊ युरो, महाग वाटेल पण ती ग्रँड कॅनॉलमधून सावकाश, थांबत थांबत सान मार्कोच्या मुख्य चौकापर्यंत पाऊण तासात नेते, पुढची उघडी जागा मिळाली तर तिथंच बसा. गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, माणशी नाही, अख्ख्या बोटीचा, त्यामुळे दोघांनीच बसा, अनोळखी लोकांबरोबर वाटून घेऊ नका. परतीचं स्वस्त विमान रद्द करून जे वाचणार आहेत त्यात ती बसते, मी मोजून बघितलंय.